सिगारची राख आणि पाईपची वाटी

शेरलॉक होम्सच्या बेकर स्ट्रीटवरील खोलीचे वर्णन वॉटसनने ‘द मस्ग्रेव्ह रिच्युअल’ (१८९३) या कथेच्या आरंभी केले आहे. इराणी सपातेच्या टोकात ठेवलेली तंबाखू हा त्यातील तपशील बहुतेक वाचकांच्या स्मरणात असतो. त्याच वाक्यातील दुसरा तपशील मात्र सहसा विसरला जातो. होम्सचे सिगार कोळशाच्या बादलीत असत. म्हणजे पाईप हे ज्याचे जगन्मान्य चिन्ह होऊन बसले आहे, तो हा गृहस्थ सिगारचाही शौकीन होता. पाहुण्यापुढे तो सिगार करी. विचार करावयाचा झाला की त्याचा हात पाईपकडे जाई. ‘रेड-हेडेड लीग’मध्ये (१८९१) तर समोरच्या कोड्याची खोली तो तीन पाईपांच्या मापाने सांगतो.

समीक्षेत या गोष्टींची बोळवण बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या एका शब्दात होते. आम्हांस ती पुरेशी वाटत नाही. सिगार आणि पाईप ही एकाच व्यसनाची दोन उपकरणे आहेत असे मानले, तर सिगार आवडणाऱ्या माणसाने पाईपकडे का वळावे आणि वळल्यावर तेथे त्याला निराळे असे काय मिळावे, हा प्रश्न नुसता रुचिभेदाचा ठरतो. आमच्या मते तो रुचीपेक्षा हातांचा प्रश्न आहे. सिगारमध्ये आपण दुसऱ्याच्या हातांनी आधीच पूर्ण केलेल्या वस्तूचा आस्वाद घेतो. पाईपचा आस्वाद ओढणाऱ्याला दर खेपेस स्वतः सिद्ध करावा लागतो, आणि त्याचा काही अंश त्या वस्तूत मागे राहतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखकांना हा भेद पक्का ठाऊक होता.

या दोन वाटा फार जुन्या आहेत. १४९२ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबसचे दोन सहकारी, रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस, क्यूबाच्या आतल्या भागात गेले, तेव्हा तेथील लोक पानांच्या पेटत्या गुंडाळीचा धूर घेताना त्यांना दिसले. स्पेनच्या वाट्याला आली ती ही गुंडाळी. इंग्रजांचा संबंध आला उत्तर अमेरिकेशी, आणि तेथील मूळ रहिवासी मातीच्या नळीतून तंबाखू ओढीत. गणितज्ञ टॉमस हॅरियट याने व्हर्जिनियावरील आपल्या १५८८ च्या वृत्तान्तात या नळ्यांची आणि तंबाखूच्या कल्पित औषधी गुणांची मोठ्या उत्साहाने नोंद केली. १६०४ साली राजा पहिल्या जेम्सने तंबाखूविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली, तोवर लंडन पाईपमय झाले होते. योगायोग असा की, याच सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतताना आदिलशाही मुलखातील तंबाखू आणि एक रत्नजडित नळी बरोबर घेऊन गेला. हकिमांनी हरकत घेतली, तरी बादशहाने दोन-चार झुरके घेतलेच. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली. तिचे काय झाले ते आपल्या गावोगावच्या गुडगुड्या आणि चिलमी सांगतीलच.

इंग्लंडातील मातीच्या पाईपची वाटी आरंभी अगदी लहान, जेमतेम बोटाचे टोक मावेल एवढी असे, कारण तंबाखू महाग होती. व्हर्जिनियातील मळे वाढले (त्या वाढीमागे आधी करारबद्ध गोऱ्या मजुरांचे आणि नंतर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे श्रम होते) तशी तंबाखू स्वस्त झाली आणि वाटी मोठी होत गेली. नळीच्या आतले भोक मात्र सतराव्या-अठराव्या शतकांत उत्तरोत्तर अरुंद होत गेले. १९५४ मध्ये हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने या भोकांची मापे घेऊन उत्खननस्थळांचा काळ ठरविण्याची रीत बसविली. मातीचा पाईप स्वस्त आणि ठिसूळ. मोडला की फेकून द्यावयाचा. थेम्सच्या काठी ओहोटीच्या वेळी त्याचे तुकडे आजही सापडतात. त्यावर मालकाची अशी खूण क्वचितच असते.

अठराव्या शतकात उच्चवर्गीय इंग्रज तपकिरीकडे वळले आणि पाईप दारूच्या गुत्त्यात व खेड्यात उरला. सिगार आला तो या पोकळीत. नेपोलियनविरुद्ध स्पेन-पोर्तुगालमध्ये १८०८ ते १८१४ या काळात लढलेले इंग्रज अधिकारी ही सवय घेऊन परतले. म्हणून सिगारला आरंभापासून लष्करी ऐटीचा आणि नव्या फॅशनचा वास आहे. बायरनने ‘द आयलंड’ (१८२३) या काव्यात तंबाखूच्या विविध रूपांची स्तुती करून अखेर कौल दिला तो सिगारला, कारण त्यात पान आणि ओठ यांच्यामध्ये दुसरे काही येत नाही. सिगारवाल्याचा हा युक्तिवाद आजही तोच आहे.

थॅकरेने ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (१८४७-४८) याचा केलेला उपयोग पाहण्याजोगा आहे. घोडदळातला रॉडन क्रॉली चांदण्यात सिगार ओढीत आहे. घरातली शिक्षिका बेकी शार्प त्याची चव पाहू मागते, एक झुरका घेते, लाडिक आविर्भाव करते आणि सिगार परत देते. कादंबरीचा काळ वॉटर्लूच्या आगेमागचा आहे. म्हणजे रॉडनच्या हातातली ही वस्तू तेव्हा अगदी नवी होती, हे थॅकरे जाणून आहे. येथे पाईप चालला असता का? आम्हांस तसे वाटत नाही. सिगार कोणाच्याही हाती दिला तरी तसाच चालतो. त्याला मालकाची सवय लागलेली नसते. एक झुरका उसना घेण्यासारखी ही वस्तू आहे, म्हणूनच बेकीच्या डावपेचात ती बसते.

सिगार इतका परिपूर्ण होऊन आपल्या हाती येतो, त्याचे कारण हवानातील कारखान्यांत आहे. पान सुकविणे, रास लावून आंबविणे, महिनोन्‌महिने मुरविणे, मग पोटात भरावयाची पाने, त्यांना बांधणारे पान आणि वरचे नितळ वेष्टन यांची गुंडाळी करणे, हे सारे आपण काडी ओढण्यापूर्वीच संपलेले असते. गुंडाळणारा कारागीर पोटातली पाने किती घट्ट बसवितो यावर धूर सुटा येईल की कोंडेल हे ठरते, आणि ते ठरविताना त्याच्याजवळ बोटांखेरीज दुसरे माप नसते. साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक जवळची गोष्ट अशी की, हे कारागीर काम करताना ग्रंथवाचन ऐकत. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. उंच चौथऱ्यावर बसून हा वाचक वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचे वेतन मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून देत. यातला धोका सरकारने लगेच ओळखला आणि १८६६ मध्ये बंदी घातली. ती टिकली नाही. क्यूबन कारागीर फ्लोरिडातील टँपा येथे गेले, तेथेही वाचक त्यांच्याबरोबर गेला. १९३१ मध्ये तेथील कारखानदारांनी त्याला काढून टाकले, तेव्हा कामगारांनी संप केला. निलो क्रूझच्या ‘अ‍ॅना इन द ट्रॉपिक्स’ या नाटकाला २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात टँपातील असाच एक वाचक कामगारांना ‘अ‍ॅना कॅरेनिना’ वाचून दाखवतो आणि त्यांची आयुष्ये हलवून सोडतो. १९३५ मधला ‘मोंतेक्रिस्तो’ हा छाप द्यूमाच्या कादंबरीवरून आला. श्रोत्यांची ती आवडती कादंबरी होती असे सांगतात.

आम्हांस यात एक विलक्षण अंतर दिसते. सिगार घडत असताना त्याच्या भोवती द्यूमा आणि ह्यूगो यांचे शब्द होते. ओढणाऱ्याच्या हाती तो येतो तेव्हा कडेला केवळ एक रंगीत कागदी पट्टी असते. फर्नांदो ओर्तिझने १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात तंबाखू आणि साखर यांची जुगलबंदी मांडली आणि तीतून संस्कृतींच्या परस्परांतरणाची नवी संज्ञा घडविली. आपल्या अभ्यासक्रमांत ती संज्ञा शिकविली जाते. जिच्यातून ती निघाली त्या कारागिराच्या बोटांचा उल्लेख मात्र तासाला होत नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

पाईप इंग्लंडच्या मध्यमवर्गात परतला तो निराळ्या द्रव्याच्या पाठीवर. त्यापूर्वी श्रीमंतांसाठी मीरशॉमचा पाईप होता. तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या परिसरात निघणारी ही पांढरी, हलकी खनिज माती. जर्मन भाषेत तिच्या नावाचा अर्थ ‘समुद्राचा फेस’ असा होतो, पण आपल्या वैद्यांचा समुद्रफेस तो निराळा. मीरशॉम ओढता ओढता पिवळा आणि मग तपकिरी होत जातो, आणि हा रंग चढविणे हाच एक छंद असे. परंतु खरी क्रांती केली ती ब्रायरने. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी, खोड आणि मुळे यांच्यामध्ये, एक कठीण गाठ असते. ती उकळून, वाळवून कोरली की जळत नाही आणि तडकत नाही. फ्रान्समधील जुरा पर्वतात सँ-क्लोद या गावी १८५० नंतरच्या दशकांत या लाकडाचे पाईप होऊ लागले. ते स्वस्त होते आणि आयुष्यभर टिकत. आता पाईप फेकावयाची वस्तू राहिली नाही. १८६८ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना धूम्रपानाचे डबे ठेवणे भाग पडले, आणि कारकून, शिक्षक, वार्ताहर हे सारे ब्रायर खिशात घालून हिंडू लागले.

सिगारची रसना घेऊन कोणी या पाईपकडे आला, तर त्याची पहिली गाठ पडते ती आपल्याच घाईशी. दोहोंचा धूर तोंडातच घोळवून सोडावयाचा असतो, तो छातीत घ्यावयाचा नसतो, एवढे साम्य खरे. पण सिगार भरपूर ओढला तरी सोसतो. पाईप त्याच जोराने ओढला की वाटी तापते, जीभ पोळते आणि तोंडात नुसती वाफ राहते. व्हर्जिनिया जातीच्या साखरेने संपन्न पानाची ही खोडी अधिक. म्हणून घुटके घ्यावे तसे, जवळजवळ विझू देत ओढावे लागते. भरण्याची तऱ्हाही शिकावी लागते: तळाशी सैल, मध्ये जरा दाबून, वर घट्ट. पाईपवाल्यांची जुनी शिकवण आहे की पहिला थर लहान मुलाच्या हाताने भरावा, दुसरा बाईच्या आणि तिसरा पुरुषाच्या. पहिली काडी केवळ तंबाखू फुलवून वर आणण्यासाठी; मग ती हलकेच दाबून दुसरी काडी. पाईप मध्येच विझतो, आणि त्यात काही अपमान नाही. विझलेल्या सिगारला पुन्हा पेटविले की एक कडवट वास मागे लागतो. पाईपला असे पुन्हा पुन्हा पेटविणे हा त्याच्या चालण्याचाच भाग आहे.

स्वादाचे म्हणाल, तर सिगारवाल्याला गोड, सुगंधी मिश्रणे बहुधा पचत नाहीत. त्याला पानाचा स्वतःचा, मातकट, आंबलेला कस हवा असतो. तो त्याला लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिंपांत दाबून आंबविलेल्या पेरीक तंबाखूत सापडतो, धुरावर सुकविलेल्या लाटाकियात निराळ्या रूपाने सापडतो, आणि काही मिश्रणांत तर सिगारचे पानच कापून घातलेले असते. परंतु सिगारमध्ये ही मिळवणी करणारा कोणी दुसरा असतो. येथे कोणते पान कोणत्या वाटीत, किती ओले, किती दाबून, हे सारे ओढणाऱ्याकडे येते. आत राखेचा आणि काजळीचा एक थर हळूहळू चढतो, तो लाकडाला जपतो, आणि पाईप ‘लागतो’. एक पाईप ओढून झाला की त्याला विसावा द्यावा लागतो, म्हणून दुसरा ठेवावा लागतो. असे करता करता चार-पाच होतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा निघतो.

कॉनन डॉयलला हे उत्तम माहीत होते. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये (१८८७) होम्स जमिनीवरच्या राखेवरून सांगतो की खुन्याने त्रिचनापल्लीचा सिगार ओढला. हा आपल्या दक्षिणेतला माल. तमिळ ‘सुरुट्टु’ या शब्दापासूनच इंग्रजीतला आणि आपला ‘चिरूट’ आला. राखेवरून जात कळली, देश कळला. ‘बॉस्कम व्हॅली’च्या कथेत (१८९१) थोटकावरून थोडे अधिक कळते: टोक दातांनी तोडलेले नसून बोथट चाकूने कापले आहे. तरीही हे सारे त्या एका क्षणाचे ज्ञान आहे. ‘द यलो फेस’मध्ये (१८९३) मात्र एक अनोळखी माणूस आपला पाईप विसरून जातो, आणि होम्स त्यावरून त्या माणसाची कित्येक वर्षे वाचतो. साडेसात शिलिंगांचा पाईप दोनदा दुरुस्त करून चांदीच्या पट्ट्या बसविल्या आहेत, आणि प्रत्येक पट्टीला मूळ किमतीहून अधिक पडले असावे. अर्थात मालकाचा त्यावर फार जीव आहे. उजवी कड जळकी आहे, म्हणजे तो दिव्याच्या ज्योतीवर पेटविण्याची सवय असलेला डावखुरा आहे. अंबरच्या मुखनळीवर दातांच्या खोल खुणा आहेत, म्हणजे जबडा मजबूत. इतके सारे अचूक वाचणारा होम्स याच कथेतील मूळ रहस्याचा अंदाज मात्र साफ चुकतो. वस्तू वाचता आली म्हणजे माणूस वाचता आला असे नव्हे, हा डॉयलचा टोला आमच्या चिन्हमीमांसक मित्रांनी मनावर घ्यावा.

खुद्द होम्सचेही पाईप मनःस्थितीप्रमाणे बदलतात. चिंतनाला काळपट मातीचा, वाद घालण्याच्या लहरीत लांब चेरीच्या लाकडाचा. न्याहारीपूर्वीचा पाईप तर आदल्या दिवशीच्या पाईपांच्या तळाशी उरलेला गाळ शेकोटीवरच्या फळीवर वाळवून भरलेला असतो. कालच्या विचारांचे अवशेष आजच्या पाईपमध्ये जातात. सिगारच्या बाबतीत असे काही संभवत नाही. (लोकांच्या डोळ्यांसमोरचा वाकडा पाईप कथांतला नव्हे, तो विल्यम जिलेट या अमेरिकी नटाने १८९९ पासून रंगभूमीवर रूढ केला.) फ्रान्समध्ये मालार्मेने १८६४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘पाईप’ या गद्यकाव्यात हेच दुसऱ्या अंगाने आले आहे. उन्हाळा संपल्यावर कवीला जुना पाईप सापडतो, आणि पहिल्याच झुरक्यासरशी त्याच्यातून आदल्या वर्षीचे लंडन, त्याचे धुके, तेथली खोली बाहेर येते.

या साऱ्याची किंमत मोजावी लागली. ज्या हॅरियटने तंबाखूचे गुण गाइले, तो १६२१ साली नाकाच्या दुर्धर विकाराने मेला. तो कर्करोग होता असे आज मानतात. फ्रॉइड दिवसाला वीसच्या आसपास सिगार ओढी. १९२३ मध्ये त्याच्या जबड्यात कर्करोग निघाला, पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावी लागली, आणि तरी सिगार सुटला नाही. १९६४ च्या अमेरिकी सरकारी अहवालात सिगारेटवर मुख्य ठपका आला, तेव्हा पुष्कळजण सिगार आणि पाईप निरुपद्रवी समजून तिकडे वळले. त्याच अहवालात पाईपचा आणि ओठाच्या कर्करोगाचा संबंध नोंदला होता. धूर तोंडातच ठेवणाऱ्याचे तोंडच धोक्यात येते, एवढी साधी गोष्ट यात आहे. आम्ही या लेखात जो आस्वाद वर्णिला आहे तो या हिशेबासह वाचावा.

तरीही सोडणे का जड जाते, याचा विचार सार्त्रने ‘असणे आणि नसणे’ (१९४३) या ग्रंथात केला आहे. त्याला चवीची उणीव भासेल अशी भीती नव्हती; नाटक, सकाळचे काम, संध्याकाळचे जेवण या साऱ्यांना धूम्रपानाने जो अर्थ दिला होता, तो ओसरेल ही होती. सार्त्रच्या आधी अर्धशतक इंग्रजीत दोन विनोदी लेखकांनी याच पेचावर लिहिले, आणि आमच्या दृष्टीने सिगार-पाईप भेदाचे सर्वांत नेमके दस्तऐवज तेच आहेत.

मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची ‘द बिट्रोद्ड’ ही कविता १८८८ ची. वाग्दत्त वधू मॅगीने ‘मी किंवा सिगार’ असा निर्वाणीचा प्रश्न टाकला आहे. नायक सिगारची पेटी उघडून बसतो आणि हिशेब मांडतो. त्याला ते सिगार जणू जनानखान्यातल्या पन्नास बायकांसारखे वाटतात: मूक, आज्ञाधारक, एक जळून गेली तर दुसरी हजर. अखेर तो मॅगीला सोडतो. विनोद उघडपणे पुरुषी आहे, आणि आज तो हसू येण्याऐवजी खुपण्याचाच संभव अधिक. परंतु उपमा सिगारच्या स्वभावाला चपखल बसली आहे. सिगार अनेकवचनी असतो. कोणताही एक गेला तरी शोक करावयास काही उरत नाही.

दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, जे. एम. बॅरीचे ‘माय लेडी निकोटिन’ आले. येथला नायक पाईपवाला आहे, आणि त्याने विवाहासाठी तो सोडला आहे. तो स्वतःला सुखी म्हणवितो, वाचकाला पुन्हा पुन्हा तसे पटवितो. आपला जुना ब्रायर मात्र त्याने कोणाला दिलेला नाही, कारण त्याला समजून घेईल असा माणूस त्याच्या ओळखीत नाही. रात्री पत्नी झोपली, घर निजानीज झाले, की तो हा रिकामा पाईप दातांत धरून बसतो आणि भिंतीपलीकडचा न पाहिलेला शेजारी आपला पाईप ठोकून रिता करतो, त्याचा आवाज ऐकतो.